डिस्नेने फ्लोरिडातील जमीन खरोखरच गुपचूप विकत घेतली होती का, आणि तिथल्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या करमणूक पार्कखाली भुयारे आहेत का?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची कारणे मात्र कॅलिफोर्नियातील ॲनाहाइममध्ये शोधावी लागतात, कारण पहिले डिस्नेलँड उभारताना वॉल्ट डिस्ने यांचे जे हात पोळले, त्यातूनच फ्लोरिडातील बहुतेक मोठे निर्णय झाले, असे माझे मत आहे.

17 जुलै 1955 रोजी सुरू झालेल्या त्या पार्कसाठी पैशांची एवढी ओढाताण होती, की वॉल्ट यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढले. अखेर एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने 5 लाख डॉलर आणि कर्जाची हमी देऊन पार्कचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला व मोबदल्यात डिस्नेची साप्ताहिक मालिका मिळवली. संत्र्याच्या बागांची 160 एकर जमीन घेतल्यावर आसपासची जमीन घेण्याची ऐपत उरली नाही. पार्क तुफान चालला आणि कुंपणाबाहेर इतरांची मोटेले उभी राहिली. गर्दी डिस्नेची, गल्ला शेजाऱ्यांचा.

म्हणूनच 1964 पासून ऑर्लँडोजवळची दलदलीची आणि कुरणांची जमीन वेगवेगळ्या नावांच्या बनावट कंपन्यांमार्फत घेतली जाऊ लागली. डिस्नेचे नाव फुटले असते तर भाव गगनाला भिडले असते, हे उघड होते. अशा रीतीने सुमारे 27,000 एकर जमीन सरासरी एकरी 200 डॉलरहूनही कमी दराने हाती आली. या खटाटोपात पुढाकार घेणारे कंपनीचे वकील रॉबर्ट फॉस्टर यांचे नाव आज मॅजिक किंगडमच्या मुख्य रस्त्यावरील एका खिडकीवर, टोपणनावाने चालणाऱ्या एका काल्पनिक जमीन कंपनीचे फिरते प्रतिनिधी म्हणून रंगवलेले आहे. कंपनी स्वतःच्या लबाडीवर अशी जाहीर कोटी करते, याची मला मौज वाटते.

गुपित फुटले ते खुद्द वॉल्ट यांच्यामुळे. ऑक्टोबर 1965 मध्ये ऑर्लँडोच्या वृत्तपत्राच्या पत्रकार एमिली बावर यांनी त्यांना ॲनाहाइममध्ये थेट प्रश्न विचारला. त्यांनी जमीन घेतल्याचे नाकारले खरे, पण मध्य फ्लोरिडा सोयीचा का नाही हे सांगताना तिथल्या हवामानाची इतकी बारीक माहिती दिली, की बावर यांना उत्तर मिळून गेले. बातमी छापून आली आणि 15 नोव्हेंबरला अधिकृत घोषणा करावी लागली. वॉल्ट पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1966 मध्ये वारले. निवृत्ती पुढे ढकलून थोरले बंधू रॉय यांनी काम तडीस नेले. 1967 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने रीडी क्रीक हा विशेष जिल्हा स्थापन केल्यामुळे रस्ते, सांडपाणी आणि बांधकाम परवाने हे सारे व्यवहारात डिस्नेच्या कह्यात आले. ही व्यवस्था 2023 पर्यंत टिकली.

भुयारांचे मूळही ॲनाहाइममध्येच आहे. तिथे काउबॉयच्या वेशातील कर्मचारी भविष्यकाळावर बेतलेल्या विभागातून कामावर जाताना दिसला आणि वॉल्ट यांना ते खटकले, अशी हकिकत कंपनीत सांगितली जाते. फ्लोरिडात मात्र भूजल इतके वर आहे की खोल खोदणे परवडत नाही. त्यामुळे ही भुयारे जमिनीच्या पातळीवरच बांधण्यात आली, शेजारचा तलाव खोदताना निघालेली माती त्यांच्याभोवती भरण्यात आली आणि पार्क त्यांच्या डोक्यावर उभा राहिला. म्हणजे पाहुणे ज्या रस्त्यावरून चालतात तो प्रत्यक्षात पहिला मजला आहे. खाली पोशाखघर, उपाहारगृह, मालाची ने-आण आणि कचरा हवेच्या जोरावर ओढून नेणारे नळ आहेत.

1 ऑक्टोबर 1971 हा उद्घाटनाचा दिवसही जाणूनबुजून मंदीच्या हंगामातला निवडला गेला. 1955 मध्ये खोट्या तिकिटांमुळे पहिल्याच दिवशी आवाक्याबाहेर गर्दी उसळली होती, त्याची पुनरावृत्ती कोणालाच नको होती. भुयारांबाबत आता लपवाछपवी उरलेली नाही. शुल्क भरणाऱ्या पाहुण्यांना कंपनी स्वतःच मार्गदर्शक देऊन ती दाखवते.