ग्लॉक १९ ला रेड डॉट: ब्रँडच्या आधी डोळा आणि फूटप्रिंट बघा

तुमची ग्लॉक १९ जेन ५ एमओएस (वर साइट बसवायची सोय असलेलं पिस्तूल), टेक्ससमध्ये रोज कमरेला, अधूनमधून कॅरी ऑप्टिक्सची (रेड डॉट लावलेल्या पिस्तुलांच्या गटाची) मॅच. दुकानात रेड डॉट साइटमधला, म्हणजे नेम धरायच्या काचेतला चमकता ठिपका फाटलेला, शेपटी फुटल्यासारखा दिसला म्हणून तो ब्रँडच नको म्हणताय. घाई करू नका. पुन्हा जाऊन ब्राइटनेस दोन पायऱ्या उतरवा आणि त्याच काचेतून मोबाइलचा कॅमेरा धरून बघा. स्क्रीनवर ठिपका गोल दिसला, तर साइट ठीक आहे. चष्म्याच्या कागदावर ‘सिलिंडर’चा नंबर लिहिलेला असतो ना, तो डोळ्याचा दोष आहे, अ‍ॅस्टिग्मॅटिझम. मग कुठलीही महागडी साइट घेतली तरी तो फाटणारच. नंबरचा चष्मा लावून बघा, हिरवा ठिपकाही बघा. होलोसन ५०७सी या साइटमध्ये ३२ एमओएचं वर्तुळ लावता येतं (एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग). ठिपका पसरला तरी वर्तुळाचा मध्य सापडतो.

२५ यार्डांवर १ एमओए म्हणजे साधारण पाव इंच. ३.२५चा ठिपका तिथे इंचाहून कमी झाकतो, ६.५चा पावणेदोनच्या आसपास. कॅरीसाठी मी मोठाच घ्या म्हणेन.

फूटप्रिंटमध्ये, म्हणजे साइटच्या तळाच्या आकारात आणि स्क्रूच्या जागांत, फसू नका. ट्रिजिकॉन आरएमआर आणि ५०७सी एकाच फूटप्रिंटच्या, एमओएसची ०२ नंबरची प्लेट (साइट आणि पिस्तूल यांच्यामधली पट्टी) दोघींना चालते. ५०७के मात्र बारीक पिस्तुलांसाठी आहे, या प्लेटवर बसत नाही. शर्टाखाली बाळगता म्हणजे कापसाचे तंतू आणि घाम आलाच. उघड्या एमिटरवर (ठिपक्याचा प्रकाश टाकणाऱ्या दिव्यावर) एक थेंब बसला तरी ठिपका पसरतो किंवा दिसेनासा होतो. बजेट असेल तर एमपॉइंट अ‍ॅक्रो पी-२ किंवा होलोसन ५०९टीसारखी बंद एमिटरची घ्या. त्यांना प्लेट वेगळी लागते.

साइट सैल होते ती बहुतेक वेळा स्क्रूमुळे. स्क्रू आणि भोकं दोन्ही अल्कोहोलने पुसून कोरडी करा. तेलाचा अंश राहिला तर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) धरत नाही. निळ्या थ्रेडलॉकरचा एकच थेंब, तोही आट्यांवर. आवळायला टॉर्क रेंच हवाच, आरएमआरला १२ इंच-पाउंड. मग स्क्रूच्या डोक्यावरून साइटवर पेंट मार्करची रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. उजवीकडचा स्क्रू लांब असेल तर आत एक्स्ट्रॅक्टरच्या प्लंजरवर दाब येतो आणि रिकामं काडतूस अडकतं. लोक दोष देतात गोळ्यांना!

झीरो करताना, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी जुळवताना, पिस्तूल पिशवीवर टेकवा, पाच गोळ्या मारा आणि गटाचा मध्य मोजा. आरएमआरच्या जुळणीच्या स्क्रूची एक क्लिक १ एमओए. २५ यार्डांवर चार इंच खाली लागत असेल तर १५-१६ क्लिक वर. ठिपका सापडत नसेल तर बहुधा नळी वर राहिलेली असते, ठिपका काचेच्या वरून निघून जातो. रिकाम्या पिस्तुलाने, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, नजर लक्ष्यावर धरून सराव करा.

कोल्हापूरच्या भावासाठी विचारलंत, तो २५ मीटर पिस्तूल शिकतोय ना? आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल प्रकारांत फक्त उघडी साइट चालते. त्याला रेड डॉटचा उपयोग नाही.