शेंगा चटणी खवट होते, मग अख्खे दाणे कसे टिकतात?

तुम्ही विचारलंय की सोलापुरातून नेलेली शेंगा चटणी महिन्याभरात खवट झाली, मग टरफलातले दाणे कितीतरी महिने कसे टिकतात, आणि सेंद्रिय संयुग ‘स्थिर’ असतं म्हणजे नेमकं काय. मी इथे सोलापुरातच रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा माझा अगदी आवडीचा प्रश्न.

नुसतं ‘स्थिर’ म्हणून भागत नाही. कशापुढे आणि किती काळ, हे सांगावं लागतं. ऊर्जेच्या हिशेबाने पाहिलं तर हवेत तेल, साखर, कापूस यांपैकी काहीच स्थिर नाही. ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, हाच त्यांचा कल. तरी कपाटातली चादर आपोआप पेटत नाही. ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकेकटे असतात, दोघांचं स्पिन (इलेक्ट्रॉनचा स्वतःभोवती फिरण्यासारखा एक गुण) एकाच दिशेला. बहुतेक सेंद्रिय रेणूंत सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असल्यामुळे त्यांचं ऑक्सिजनशी थेट जमत नाही.

चटणीत मात्र आडवाट सापडते. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं आणि त्यात लिनोलेइक आम्ल या मेदाम्लाचा, म्हणजे तेल ज्यांपासून बनतं त्या आम्लांपैकी एकाचा, वाटा चांगलाच असतो. या आम्लात दोन दुहेरी बंधांच्या बरोबर मध्ये एक कार्बन असतो. त्याच्यावरचा हायड्रोजन सहज निघतो. तो गेला की उरलेल्या मूलकावर (एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेल्या रेणूवर) ऑक्सिजन लगेच बसतो, मग ते शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतं आणि साखळी चालू होते. तेलातल्याच ओलेइक या दुसऱ्या मेदाम्लात असा कार्बनच नाही, म्हणून लिनोलेइक त्याच्या दहाएक पट वेगाने बिघडतं. यात तयार झालेल्या पेरॉक्साइडना (ऑक्सिजन चिकटलेल्या या रेणूंना) वास नसतो. ते फुटून हेक्झॅनालसारखी अल्डिहाइडं, म्हणजे वास येणारी छोटी संयुगं, होतात, तेव्हा कुठे नाकाला कळतं.

अख्ख्या दाण्यात तेल पेशींमधल्या बारीक थेंबांत बंद असतं. दाणे भाजून उखळात कुटले की तेल सुटतं आणि त्याला हवा लागते. उखळ लोखंडी असेल तर लोहाचा अंशही पेरॉक्साइड फोडायला हातभार लावतो. त्यात आपल्याकडचा मे महिना, पारा चाळिशीच्या पुढे!

तेव्हा चटणी छोट्या बरणीत दाबून भरा, वर मोकळी जागा ठेवू नका आणि फ्रीजमध्ये ठेवा. बरणीच्या तळाशी जुनी चटणी असेल तर तिच्यावर नवी घालू नका. जुनीतले पेरॉक्साइड नवीतही साखळी सुरू करून देतात. बरणी साबणाने घासून, पूर्ण कोरडी करून मगच भरा. खवट झालेली परत भाजली तर वास थोडा उडतो, पण तेल आणखी बिघडतं. ती टाकूनच द्या.