व्हिएन्ना यादीत वर येतं, पण तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे

तुम्ही विचारलंय की व्हिएन्नातली नोकरी घ्यावी का, आणि राहायला उत्तम म्हणून वर्षानुवर्षं यादीत वर येणारं हे शहर खरंच तसं आहे का. जाता जाता एका ओळीत लिहिलंय, मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत आहे. त्या ओळीमुळे मी लिहायला बसले. माझी मुलगी साधारण त्याच वयात इथे आली होती.

रॉट-वाइस-रॉट कार्डाचे (ऑस्ट्रियात राहून काम करायचा परवाना) गुण, विमा, पगाराची अट, हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे. ते मी परत लिहीत नाही.

आधी त्या यादीबद्दल. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संशोधन संस्थेची यादी 173 शहरांची असते. 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षं व्हिएन्ना पहिलं होतं, 2025 मध्ये कोपनहेगन पुढे गेलं. या याद्यांचा उपयोग कंपन्या करतात तो माणसाला परदेशी पाठवताना गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा हे ठरवायला. म्हणजे काही वर्षं राहून परत जाणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून हा हिशेब होतो. 2024 मध्ये व्हिएन्नाला शिक्षणात 100 पैकी 100 होते. पण हे गुण देताना शहरात खाजगी शाळा आहेत का आणि त्या कशा आहेत, हेही धरतात. तुमची कंपनी इंटरनॅशनल शाळेची फी भरणार असेल तर माझं पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. नसेल तर वाचा.

शहर चांगलं आहेच, त्यात वाद नाही. नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, 1873 सालापासून. ट्राम, बस, मेट्रो सगळ्यांचा वर्षाचा पास अनेक वर्षं 365 युरो होता. आता वाढलाय, तरी गाडी घ्यायची गरज पडत नाही. डॅन्यूबमधलं एकवीस किलोमीटर लांबीचं बेट पूर टाळायला बांधलं आणि लोकांना फिरायला, पोहायला मोकळं ठेवलं. या शहराची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र बागांची आहे. नव्वदच्या दशकात इथल्या पालिकेच्या लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेत दिसेनाशा होतात. मोकळ्या जागेवर मुलगे फुटबॉल मांडतात, मुली कडेला होतात आणि मग येतच नाहीत. 1999 मध्ये पाचव्या जिल्ह्यातल्या दोन बागा नव्याने आखल्या: एका मोठ्या मैदानाऐवजी छोटे छोटे भाग केले आणि व्हॉलीबॉल, बॅडमिंटनसारख्या खेळांना जागा दिली. त्यातल्या एका बागेत माझी मुलगी वर्षानुवर्षं खेळली. अंधार पडेपर्यंत ती तिथे असायची आणि मला काळजी वाटायची नाही. शहर कुणाचा विचार करून बांधलंय हे कळायला मला ती बाग पुरेशी होती. म्हणूनच शाळेचं जास्त लागलं.

इथे प्राथमिक शाळा चार वर्षांची. दहाव्या वर्षी वाट फुटते, गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) किंवा मिटेलशूल (सर्वसाधारण माध्यमिक शाळा). गिम्नाझियमला जायचं तर चौथीत जर्मन आणि गणितात 1 किंवा 2 ग्रेड लागते (इथे 1 सगळ्यात वरची). 3 असेल तर शाळेने शिफारस करावी लागते, किंवा प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आणि जर्मन न येणारं मूल आलं की त्याची भाषेची चाचणी होते आणि बहुधा ते जर्मनच्या वेगळ्या वर्गात जातं. 2018 पासूनची ही पद्धत. प्राथमिकमध्ये आठवड्याला पंधरा तास. उरलेल्या वेळात चित्रकला, खेळ अशा विषयांसाठी आपल्या मूळ वर्गात.

माझी मुलगी गणितात दोन पावलं पुढे होती. सकाळी ती सहा-सात वर्षांच्या मुलांशेजारी बसून सफरचंद, खुर्ची, छत्री अशी चित्रकार्डं लावायची, आणि मग आपल्या वर्गात जायची तेव्हा तिथला धडा अर्धा झालेला असायचा. भाषा ती झपाट्याने शिकली, पण चौथीच्या सहामाहीपर्यंत तिचं लेखन 3 च्या वर गेलं नाही. शिक्षिकेने आम्हाला बोलावलं. छोट्या खुर्च्यांवर बसलो. बाई फार प्रेमाने म्हणाल्या, ‘‘ती मिटेलशूलमध्ये जास्त आनंदी राहील.’’ गणिताचं मी काढलं, त्यांनी मान डोलावली आणि कागद पुढे सरकवला. नवरा म्हणाला, सही कर, वाद घालून काय होणार. मी केली. दहा वर्षांच्या मुलीचा आनंद कशात आहे हे सात-आठ महिन्यांच्या ओळखीवर कुणी ठरवावं, हे मला अजून पचलेलं नाही. पुढे रस्ते आहेत, हे खरं आहे. चौदाव्या वर्षी पाच वर्षांच्या तांत्रिक शाळेत जाता येतं, तिथूनही माट्युरा (शाळेची शेवटची परीक्षा) देऊन विद्यापीठात जाता येतं. माझी मुलगी त्याच वाटेवर आहे, छान चाललंय तिचं. तिला त्या बाईंचं नावही आठवत नाही. मला त्यांच्या स्वेटरचा रंगसुद्धा आठवतो.

कागदपत्रांचं एकच सांगते, कारण ते कुठे लिहिलेलं सापडत नाही. आपल्या पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे बापाचं नाव असतं आणि दोन्ही मिळून ‘दिलेलं नाव’ होतं. जन्मदाखल्यावर मात्र नुसतं मुलाचं नाव, बापाचं नाव वेगळ्या रकान्यात. खिडकीपलीकडच्या माणसाच्या मते ही दोन वेगळी माणसं. आमच्या मुलीच्या राहण्याच्या परवान्याचं काम यावरून महिनोन्‌महिने अडलं, प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट. निघण्यापूर्वी दाखला आणि पासपोर्ट यांवरची नावं अक्षरशः एक करून घ्या. आणि घर ठरवताना मालक पत्त्याच्या नोंदणीच्या अर्जावर लगेच सही करेल ना, हे आधी विचारा. राहायला आल्यावर तीन दिवसांत ती नोंद करावी लागते आणि तिच्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. पालिकेची स्वस्त घरं ऐकली असतील. दीर्घ मुदतीचा परवाना मिळेपर्यंत ती तुम्हाला मिळणार नाहीत, भाड्याचा हिशेब खाजगी दरानेच करा.

एकटेपणाबद्दल तुम्ही दोनदा विचारलंय. येतो. डिसेंबरात चारला अंधार पडतो तेव्हा जास्त येतो. परदेशी राहणाऱ्यांच्या ‘इंटरनेशन्स’ या नेटवर्कच्या 2022 च्या सर्वेक्षणात परदेशी लोकांनी स्थिरावण्याच्या बाबतीत व्हिएन्नाला पन्नास शहरांत शेवटचं ठेवलं होतं. पण त्याची सवय होते, चार माणसं भेटतात. त्यासाठी नोकरी नाकारू नका.

ज्याची सवय होत नाही ते वेगळंच आहे. मतदानाच्या वयाच्या व्हिएन्नाकरांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोकांना इथे मत नाही, कारण ते नागरिक नाहीत. मीही त्यांत. दहा वर्षांच्या मुलांची वाटणी व्हावी की नाही यावर दर निवडणुकीत चर्चा होते, आणि तिथे मला तोंड नाही. नागरिकत्व साधारण दहा वर्षांनी मागता येतं, जर्मन बी-टू पातळीचं (सहज बोलता-लिहिता येण्याइतकं) असेल तर सहा वर्षांनी, पण भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. मुलीने मागे एकदा जेवताना विचारलं, ‘‘आई, तू अर्ज का करत नाहीस?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही धड नाही. बागेत बसलं की वाटतं करावा, सरकारी पत्र उघडलं की वाटतं नको.

तर तुमच्याबद्दल. मी या म्हणेन, पण मुलाचं जर्मन सुरू झाल्याशिवाय तारीख कळवू नका. अ‍ॅपवर नव्हे, समोर बसवून बोलायला आणि लिहायला लावणारी शिक्षिका शोधा, रोज तासभर. इथली शाळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होते. कंपनीकडून रुजू व्हायची तारीख त्याआधी मिळवा, मधेच फेब्रुवारीत आलात तर अख्खं सत्र चाचण्यांत जाईल. त्याला तिसरीच परत करू द्या, वर्ष गेलं असं मानू नका, चौथीपर्यंत त्याला जास्त वेळ मिळेल. आणि चौथी सुरू झाली की पहिल्याच पालकसभेत वर्गशिक्षिकेला सरळ विचारा की जर्मनमध्ये 2 मिळायला याला नेमकं काय यायला हवं. लिहून मागा.