रिमॅपच्या आधी होज बघ

भावा, ताकद वाढवायला रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) करू का असं विचारलंस, पण ते नंतर बघू. तुझी १.३ डिझेल स्विफ्ट नवी असताना ७५ पीएसची होती. आता कसारा घाटात तिसऱ्या गिअरलाही दम टाकते, म्हणजे आहे ती ताकदच कुठेतरी गळतेय.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदल, ते किरकोळ. माझा संशय टर्बोच्या होजवर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा इंजिनाकडे नेणाऱ्या पाइपवर. इंजिन थंड असताना रबरी पाइप जोडापाशी, क्लिपच्या खालून बोटांनी चाचपड. तेलकट ओल आणि बारीक चीर लागली तर हवेचा दाब तिथूनच सुटतोय. जोर दिला की फुस्स आवाज आणि मागे काळा धूर, ही त्याचीच लक्षणं. ईजीआरमधली (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीही काढून घे, पण तो बंद करायच्या फंदात पडू नकोस.

स्वस्तातला ट्यूनिंग बॉक्स तर नकोच. तो इंजिनच्या कॉम्प्युटरला रेल प्रेशरचं (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचं) खोटं रीडिंग देऊन जास्त डिझेल ओततो, बाकी काही नाही. रिमॅप करायचाच असेल तर आधी क्लच तपास. झिजलेला असला तर वाढलेला टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) तिथेच घसरेल.

नाशिकात अंबड-सातपूरकडे स्कॅनरवाला मेकॅनिक गाठ आणि चालत्या गाडीत बूस्टचं (टर्बोच्या हवेच्या दाबाचं) रीडिंग घे. आकडे इथे टाक, मग बोलू.