सोमवारच्या फोनवर काय बोलावे?

पत्र : मी मूळची वेंगुर्ल्याची. लग्नानंतर अमेरिकेतील यूटा राज्यात स्थायिक झाले. माझे पती ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे, म्हणजे आपल्याकडे ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या पंथाचे, जन्मापासूनचे सभासद आहेत. मी तो पंथ स्वीकारलेला नाही आणि त्यावरून आमच्या घरात कधी वादही झालेला नाही. आमचा एकोणीस वर्षांचा मुलगा पाच महिन्यांपूर्वी स्वतःच्या इच्छेने मिशनवर, म्हणजे पंथाच्या प्रचारसेवेसाठी, गेला. त्याला मालवणी समजते, मोडकीतोडकी बोलताही येते. त्याची नेमणूक फिलिपिन्समधील लेते बेटावर, टाक्लोबान शहराच्या परिसरात झाली आहे. तो दर सोमवारी ई-मेल पाठवतो आणि फोन करतो. गेल्या दोन फोनवर तो रडला. “आई, मला हे जमत नाही,” एवढेच म्हणाला आणि लगेच विषय बदलला. पती म्हणतात, सुरुवातीचे महिने सगळ्यांचेच असे जातात. सासूबाईंच्या मते अर्ध्यावरून परतणे म्हणजे नामुष्की. वेंगुर्ल्याची माझी आई म्हणते, “लोकांचे धर्म बदलायला गेलाय तो, त्याला आधी घरी आण.” त्यात तिकडच्या वादळांची भीती आहेच. मी त्याला परत बोलावून घेऊ का? त्याचे शेवटचे चार ई-मेल सोबत जोडले आहेत.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. मुलाला परत बोलावू नका, आणि “धीर धर, टिकून राहा” असेही सांगू नका. पहिल्या वाक्याने तुम्ही त्याचा निर्णय स्वतःकडे घ्याल. दुसऱ्या वाक्याने तो खरे काय ते सांगायचे थांबेल, आणि तसा तो थांबण्याच्या बेतात आहे, असे मला त्याचे ई-मेल वाचून वाटते. सध्या तुमच्याकडे आठवड्यातून एक फोन एवढेच साधन आहे, तेव्हा तो फोन कसा वापरायचा याचाच विचार करू.

हे उत्तर इतरही वाचणार आहेत, म्हणून या मुलांचा आठवडा कसा असतो ते थोडक्यात सांगते. तरुण मुले चोवीस महिन्यांसाठी जातात आणि मुली अठरा. गाव कोणते आणि सोबती कोण, यातले काहीही त्यांच्या हातात नसते. सकाळी साडेसहाला उठायचे, व्यायाम आणि धर्मग्रंथांचे वाचन करायचे, नवी भाषा घोकायची, आणि मग पांढरा शर्ट, टाय व छातीवर नावाची काळी पट्टी अशा वेशात दिवसभर बाहेर राहायचे. रात्री नऊच्या सुमारास खोलीवर परतायचे आणि साडेदहाला दिवा मालवायचा. कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे आणि घरी पत्र लिहिणे या सगळ्यासाठी आठवड्यातला एकच दिवस असतो, तोही संध्याकाळी सहापर्यंत. तुमच्या मुलासाठी तो दिवस म्हणजे सोमवार. या कामाचा पगार नसतो. उलट अमेरिकेतून जाणाऱ्या मुलासाठी त्याचे कुटुंब महिन्याला ५०० डॉलर भरते. रात्रीचे जेवण बरेचदा स्थानिक सभासदांच्या घरी आळीपाळीने होते. आपल्याकडे एके काळी गरीब विद्यार्थी पुण्यात वार लावून जेवत, तसाच हा प्रकार. वाढणारी माउली कितीही मायेची असली, तरी रोज वेगळ्या घरच्या पानावर बसणाऱ्या मुलाला पोटभर जेवूनही अवघडल्यासारखे वाटतेच. यात तिथली वाराय भाषा अजून जिभेवर बसलेली नाही, म्हणजे मायेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही धड देता येत नाही.

आता त्याच्या ई-मेलविषयी. मी ते चारही दोनदा वाचले. एका मंगळवारी त्याने आणि इतर मिशनऱ्यांनी एका म्हाताऱ्या विधवेच्या घराचे छप्पर शाकारून दिले, त्यावर त्याने दोन परिच्छेद लिहिले आहेत. निपा पामची पाने बांबूच्या काडीवर दुमडून कशी शिवतात, ती झावळी खालून वर रचत नेताना एकीवर दुसरी किती चढवायची, शेवटची ओळ बांधताना आपला तोल कसा गेला आणि खाली उभी असलेली म्हातारी कशी ओरडली, नंतर तिने उकडलेली केळी आणि तळलेला सुका मासा कसा आग्रहाने वाढला, हे सगळे त्याने हौसेने सांगितले आहे. (कोकणातल्या आजीच्या नातवाला सुक्या मासळीचे वावडे नाही, हे वाचून मला बरे वाटले.) शुक्रवारी घेतल्या जाणाऱ्या मोफत इंग्रजी वर्गाबद्दलही त्याने असेच भरभरून लिहिले आहे. प्रचाराबद्दल मात्र चार ई-मेल मिळून पाच-सहा कोरडी वाक्ये आहेत. “बुधवारी चार भेटी ठरल्या होत्या. कोणी भेटले नाही.” हे त्यातलेच एक.

यावरून निष्कर्ष काढायचा तो जपून काढावा लागेल. पण हाताला काम असेल तिथे तुमचा मुलगा रमतो आणि अनोळखी दारासमोर उभे राहायची वेळ आली की आक्रसतो, एवढे दिसते. हा दोष नव्हे. भिडस्त स्वभावाच्या माणसाला दिवसातून अनेकदा नकार पचवणे जड जाणारच.

त्याहून मोठी गोष्ट अशी की या चार ई-मेलमध्ये त्याच्या साथीदाराचा एकदाही उल्लेख नाही. मिशनवरचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. दोघांनी सतत एकत्र राहायचे. एकाच खोलीत झोपायचे, एकत्रच बाहेर पडायचे, एकमेकांच्या नजरेआड व्हायचे नाही. ज्या माणसाबरोबर मुलगा दिवसाचे चोवीस तास काढतो त्याचे नावही चार आठवड्यांत येत नसेल, तर ते विसरून राहिलेले नाही, असे मी धरून चालते. दोघांचे पटत नसेल, किंवा तो साथीदार फार कडक असेल, किंवा तोच कशाने तरी खचलेला असेल आणि त्याला सांभाळण्यात तुमचा मुलगा थकून जात असेल. त्यातच तुमच्याशी बोलताना हा साथीदार जवळपास असतो, म्हणजे मुलाला मोकळेपणी बोलता येत नाही. “मला हे जमत नाही” म्हणून त्याने विषय का बदलला, याचे कारण कदाचित एवढेच असेल.

तुम्ही लिहिले आहे की मुलाला मालवणी समजते आणि मोडकीतोडकी बोलताही येते. मग पुढच्या सोमवारी इंग्रजी बाजूला ठेवा. “कसा आहेस?” हा प्रश्न विचारू नका, त्याचे उत्तर “बरा आहे” असेच येते. साथीदाराशी शेवटचे मनापासून हसणे कधी झाले, भांडण झाले तर आधी कोण बोलते, रात्री झोप लागते का, कालच्या दिवसात सगळ्यात लांबलेला तास कोणता होता, असे छोटे आणि ठोस प्रश्न विचारा. अडचण साथीदाराची निघाली तर तिला अंत आहे, कारण साधारण सहा आठवड्यांनी बदल्यांची फेरी येते आणि जोड्या बदलू शकतात. त्याआधीही तो मिशनच्या प्रमुखांशी थेट बोलू शकतो, आणि तशी तक्रार करणे म्हणजे चहाडी नव्हे, हे त्याला तुमच्याकडून ऐकायला मिळाले तर बरे होईल.

घरची आठवण येणे आणि मन आजारी पडणे यांतला फरकही ओळखायला हवा. आठवणीने रडणारा मुलगा छपराची गोष्ट सांगताना खुलतो, जेवतो, झोपतो. दोन-तीन आठवडे सलग झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, पूर्वी आवडणाऱ्या कामातही रस राहिला नाही, तर ते वेगळे समजावे. या मुलांमध्ये आणखी एक गोष्ट आढळते. आपल्याला कोणी दार उघडत नाही, कारण आपलीच श्रद्धा कमी पडते, आपल्याच हातून कुठे तरी नियम मोडला असणार, असा विचार त्यांच्या मनात घर करतो आणि मग ती बारीकसारीक चुका शोधून स्वतःला छळत राहतात. इतर मिशनऱ्यांशी स्वतःची तुलना करू नये, असे त्यांना शिकवलेले असते, पण एकोणिसाव्या वर्षी आकडे मोजायचे थांबवणे कोणाला जमते? अपराधीपणाचे हे बोल वरचेवर कानावर आले, तर मिशनच्या प्रमुखांना सांगून समुपदेशकाची मदत मागा. तशी सोय मिशनमध्ये असते. आणि जगण्याचाच कंटाळा आल्याचा सूर कानावर पडला, तर सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी प्रमुखांना फोन करा.

तुमच्या पतींचे म्हणणे खोटे नाही, पण त्याचा मुलाला काही उपयोग होत नाही. ते स्वतः मिशनवर गेले त्या काळी घरी फोन करता येत असे तो नाताळला आणि मातृदिनाला. दर आठवड्याला बोलण्याची मुभा १५ फेब्रुवारी २०१९ पासूनची आहे. म्हणजे त्यांचे वाईट दिवस त्यांच्या आईला कळलेच नाहीत, आणि आता आठवतानाही ते “सगळ्यांचेच असे जातात” या एका वाक्यात गुंडाळले जातात. त्यांना सांगा की हे वाक्य यापुढे बोलू नये. त्याऐवजी आपल्या मिशनमधला सर्वांत वाईट आठवडा मुलाला सविस्तर सांगावा, तेव्हा काय वाटले आणि परतावेसे वाटले होते का, हे न लपवता. बापाने ही गोष्ट सांगितली, तर “जमत नाही” म्हणणे हा पराभव नाही, हे मुलाला आपोआप कळेल.

सासूबाईंच्या नामुष्कीविषयी मी थोडे स्पष्टच लिहिते. यूटामध्ये मिशनवरून लवकर परतलेल्या मुलाकडे लोक कसे पाहतात, चर्चमध्ये “अरे, तू इतक्यात?” हा प्रश्न किती तऱ्हांनी विचारला जातो, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. तो दबाव खरा आहे. पण चर्चच्या व्यवस्थेत लवकर परतणे हा गुन्हा मानलेला नाही. काही मुले घरी राहून सेवा-मिशन पूर्ण करतात, म्हणजे अन्नवाटप केंद्रे किंवा तत्सम ठिकाणी काम करतात, आणि छपरे शाकारण्यात रमणाऱ्या मुलाला ते कदाचित अधिक मानवेलही. हा पर्याय आहे, एवढेच त्याला एकदा सांगा. पुन्हा पुन्हा सांगितलेत तर त्याला तो आग्रह वाटेल. त्याने राहायचे ठरवले तर ती त्याची निवड असावी, परतायचे ठरवले तर विमानतळावर घ्यायला तुम्ही दोघांनी जावे, आणि आजींना काय सांगायचे ते तुमच्या पतींनी पाहावे. आपल्या आईला समजावणे हे मुलाचे काम असते, सुनेचे नव्हे.

आता तुमच्या आईंचा आक्षेप. मला स्वतःला दारोदार जाऊन धर्मप्रचार करणे रुचत नाही, मग प्रचार करणारा कोणत्याही धर्माचा असो. तेव्हा आईंचे म्हणणे मला अगदीच परके वाटत नाही. पण लेतेमधले चित्र त्यांच्या मनातल्या चित्राहून वेगळे आहे. तिथले बहुसंख्य लोक मुळातच कॅथलिक ख्रिस्ती आहेत, आणि या पंथाचे मिशनरी फिलिपिन्समध्ये १९६१ पासून आहेत. आज तिथे त्यांचे ८ लाखांहून अधिक सभासद आहेत. ख्रिस्ती माणसाने एक चर्च सोडून दुसऱ्यात जाण्यानेही घरे दुभंगतात, हे खरेच, आणि त्याबद्दल मुलाला प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुमच्या मनात ते प्रश्न असतील तर विचाराही, पण तो घरी आल्यावर, समोरासमोर. रडणाऱ्या मुलाच्या आठवड्यातल्या एकुलत्या फोनवर धर्मचर्चा नको.

आईंसाठी एक वेगळा उपाय सुचवते. लेतेत सोमवारी सकाळी नऊ वाजतात तेव्हा वेंगुर्ल्यात सकाळचे साडेसहा झालेले असतात आणि उन्हाळ्यात तुमच्याकडे रविवारचे संध्याकाळचे सात. कुटुंबाच्या फोनमध्ये आजीलाही दहा मिनिटे जोडून घ्या. धर्माचा विषय काढायचा नाही, एवढे वचन आधी घ्या. त्यांना त्या छपराविषयी विचारू द्या. झावळ्या विणणे कोकणातल्या बाईला नवे नाही. निपाची पाने आणि माडाची पाने यांत फरक काय, यावर ती दोघे बोलतील, आणि ते बोलणे मालवणीत असल्यामुळे त्यात आणखीही काही सांगून होईल.

वादळांची धास्ती बाळगणे साहजिक आहे. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान वादळाने टाक्लोबान उद्ध्वस्त केले आणि देशभरात सहा हजारांवर माणसे दगावली. तिथले सर्व मिशनरी सुखरूप सापडले होते आणि त्यांना मनिलाला हलवण्यात आले. वादळाचा इशारा आला की कोणत्या इमारतीत जायचे, संपर्क तुटला तर घरी कोण कळवणार, हे मुलाला विचारून लिहून ठेवा. बाकी हवामानाचा अंदाज रोज पाहत बसू नका.

शेवटचे एक काम पुढच्या सोमवारच्या आत करा. मिशनच्या प्रमुखांचा दूरध्वनी क्रमांक बहुधा तुमच्या पतींकडेच असेल. तो तुमच्या फोनमध्येही साठवा, आणि तुम्ही पंथाच्या सभासद नसलात तरी त्या मुलाची आई म्हणून हा फोन स्वतः करू शकता, हे पतींना आणि मुलालाही आधीच सांगून ठेवा.