अमोनिया तयार होताना एन्ट्रॉपी घटते, मग ही अभिक्रिया आपोआप होते कशी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजनपासून दोन मोल अमोनिया होताना एन्ट्रॉपीत (ऊर्जा आणि कण किती विखुरलेले आहेत याचं माप) होणाऱ्या बदलाचं तुमचं उत्तर +३८५.६ आणि पुस्तकातलं −१९८ जूल प्रति केल्विन असं का, आणि एन्ट्रॉपी घटत असूनही अभिक्रिया कशी होते.

पहिलं सोपं आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजनची एन्ट्रॉपी तुम्ही शून्य धरलीत. मूलद्रव्यांची निर्मिती-एन्थॅल्पी (मूलद्रव्यांपासून पदार्थ बनताना होणारा उष्णतेचा बदल) शून्य असते, कारण ते शून्य आपणच ठरवलेलं आहे. एन्ट्रॉपीचं शून्य मात्र आपल्या हातात नाही. ते शून्य केल्विनला, परिपूर्ण स्फटिकात. २९८ केल्विनला नायट्रोजनची १९१.६, हायड्रोजनची १३०.७ आणि अमोनियाची १९२.८ जूल प्रति केल्विन प्रति मोल आहे. म्हणून ३८५.६ − (१९१.६ + ३९२.१) = −१९८.१.

चिन्ह तर आकडेमोडीशिवायही कळतं: चार मोल वायूचे दोन झाले. पण दोन्हीकडे वायूचे मोल सारखे असले की ही युक्ती संपली. हायड्रोजन आणि क्लोरीनपासून दोन मोल हायड्रोजन क्लोराइड होताना +२० येतं, ते तक्ता उघडल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

आता दुसरं. −१९८ हा हिशेब फक्त रसायनांचा झाला. अभिक्रियेतून ९२.२ किलोजूल उष्णता परिसरात जाते आणि तिथली एन्ट्रॉपी ९२२०० ÷ २९८, म्हणजे सुमारे ३०९ने वाढते. (किलोजूलचे जूल करायचे राहिले तर हा आकडा ०.३ येतो आणि अभिक्रिया अशक्यच वाटते. परीक्षेत इथेच गुण जातात.) बेरीज +१११. आपोआप होणाऱ्या बदलात एकूण एन्ट्रॉपी वाढते, हा उष्मागतिकीचा दुसरा नियम या बेरजेबद्दल बोलतो, नुसत्या −१९८बद्दल नाही.

तापमान भाजकात आहे, त्यामुळे ते वाढलं की परिसराचा वाटा आटतो. ९२२०० ÷ १९८.१ केलं की सुमारे ४६५ केल्विन येतं. त्याच्या वर प्रमाण दाबाला (१ बार) बेरीज ऋण. कारखान्यात अमोनिया बनवायच्या हाबर-बॉश पद्धतीत तर ४०० ते ५०० अंश सेल्सिअस ठेवतात, कारण त्याखाली उत्प्रेरक असूनही वेग फार मंद पडतो. मग भरपाई दाबाने करावी लागते. दाबामुळे प्रत्येक मोल वायूची एन्ट्रॉपी घटते, पण डावीकडे चार मोल आहेत आणि उजवीकडे दोनच. आदर्श वायू धरला तर २०० बारला −१९८मधले सुमारे ८८ असेच भरून निघतात.