'अर्धवट माल' म्हणावं का?

कुपवाड एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका मित्राने विचारलं आहे: काम सुरू झालेल्या पण अजून तयार न झालेल्या मालाला शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या मशीन विभागात, 'वर्क इन प्रोसेस' किंवा नुसतं 'डब्ल्यूआयपी' म्हणतात; त्याला स्टॉकच्या मराठी तक्त्यात 'अर्धवट माल' लिहिलं तर चालेल का?

माझं मत, लिहू नये. 'अर्धवट' म्हणजे हाती घेऊन मध्येच सोडलेलं. लेथवरून उतरून ड्रिलिंगसाठी थांबलेला जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला नग, कुणी सोडून दिलेला नसतो. 'अर्धनिर्मित'ही मला पटत नाही. नुकतंच मशीनिंगला घेतलेलं कास्टिंग (ओतीव भाग) आणि फक्त रंग राहिलेला पंप, दोन्ही यातच मोजतात. मग अर्धं कोणतं?

कच्चा माल आणि तयार माल हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, मधल्याला मात्र तसं नाव रुळलं नाही. घरात ते आहे. 'वाळवण' हा शब्दच बघा! पापड किती झाला ते तो सांगत नाही, पापडाचं सध्या काय चाललंय ते सांगतो. आपल्या सांगलीच्या हळदीचंही तसंच: शिजवलेली, वाळत घातलेली, पॉलिशला गेलेली. शेतातली ओली हळद ती राहिलेली नसते आणि सौद्याला नेण्याजोगी अजून झालेली नसते. मराठी माणूस अशा मालाला टप्प्यावरून ओळखतो. म्हणून तक्त्यात 'प्रक्रियेतील माल' लिहा आणि पुढे टप्पा: टर्निंग झालेला, ड्रिलिंगला आलेला.

आणखी एक शब्द मला फार मोलाचा वाटतो, तो कामगारांचा आहे: 'माल तुंबलाय.' मधला माल थोडा लागतोच. आधीचं मशीन बंद पडलं तरी पुढच्याला काम मिळतं. पण साठत गेला की पैसा अडकतो, आणि बोअरमधली (नगाला पाडलेल्या भोकातली) चूक कळेपर्यंत तशाच चुकीचे शेकडो नग होऊन बसतात. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला नियम इथे लागू होतो: आतले सरासरी नग म्हणजे रोज बाहेर पडणारे नग गुणिले एका नगाचे आतले सरासरी दिवस. रोज 100 नग निघत असतील आणि शॉपमध्ये 600 पडून असतील, तर प्रत्येक नग सरासरी 6 दिवस आत राहतो, मग मशीनवरचं त्याचं काम तासाभराचं का असेना.

तेव्हा तक्त्यात जागा असेल तर 'तुंबलेला' असा वेगळा रकाना जरूर ठेवा, आणि चार दिवसांत जागचा न हललेला माल त्यात मोजा.